सिरॅमिक ग्रिल घेतलं, सोबत काय घ्यायचं? आधी गल्ला बघा, मग कॅटलॉग



या वेळच्या व्हिडिओत आपण सिरॅमिक कोळसा ग्रिलचा हिशोब मांडला. व्हिडिओत वेळ मोजका असतो, त्यामुळं सोबतच्या सामानाचा विषय राहिला. तो इथं सविस्तर लिहितोय. पन्हाळ्यावर होमस्टे असेल, राधानगरी रोडला गार्डन हॉटेल असेल, केटरिंग असेल किंवा संध्याकाळी चार तास चालणारा स्टॉल असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ग्रिलसोबत म्हणून जे सामान विकलं जातं, त्यातलं निम्मं धंद्याला लागत नाही. जे लागतं त्यातलं बरंचसं आपल्या उद्यमनगरात, कुंभाराकडं किंवा भांड्याच्या दुकानात मिळतं. आणि ज्या दोन-तीन वस्तूंवर खरंच चांगले पैसे घालावेत, त्यांच्याकडं बहुतेक जण बघतच नाहीत, कारण त्या दिसायला साध्या असतात.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घ्या

हिरव्या, काळ्या किंवा लाल रंगाचं, मोठ्या अंड्यासारखं दिसणारं हे ग्रिल तुम्ही रील्समध्ये बघितलं असेल. त्याला कमाडो म्हणतात. जपानी भाषेत कमाडो म्हणजे चूल. जपानात भात शिजवायच्या मातीच्या झाकणवाल्या चुली होत्या, त्या दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी घरी नेल्या. १९७४ साली अटलांटा शहरात बिग ग्रीन एग ही कंपनी सुरू झाली आणि तिथून पुढं मातीच्या जागी टिकाऊ सिरॅमिक आलं.

तत्त्व आपल्याला नवीन नाही. आपला तंदूर म्हणजे जाड मातीची भिंत, आत कोळसा, आणि भिंतीत साठलेली उष्णता. फरक दोनच. कमाडोला घट्ट बसणारं झाकण असतं, आणि खाली-वर हवेच्या झडपा असतात. खालून हवा किती आत घ्यायची आणि वरून किती सोडायची, यावर आच ठरते. झडपा जवळजवळ बंद ठेवल्या तर ११०-१२० अंश सेल्सिअसला तासन् तास मंद भाजता येतं. उघड्या ठेवल्या तर ३५० अंशांच्या पुढं जाता येतं. हवा कमी खेळते म्हणून मांस कोरडं पडत नाही आणि कोळसा कमी जळतो. काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की आग विझते आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी वापरता येतो.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना हे पटकन कळेल. बंबात खालची राख साचली की जाळ धरत नाही. इथंही तेच. राख साचली, हवा अडली, आच मेली.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. रोज रात्री तीनशे सळया कबाब आणि रोटी काढायची असेल, तर तुम्हाला तंदूर पाहिजे, हे ग्रिल नको. सिरॅमिक ग्रिल त्या माणसाच्या कामाचं, जो आगाऊ ऑर्डर घेतो, मंद भाजलेली रान किंवा अख्खी कोंबडी विकतो आणि प्लेटला चार पैसे जास्त घेऊ शकतो. ते तुम्ही नसाल तर सामानाचा प्रश्नच येत नाही. लेख इथं सोडला तरी माझी हरकत नाही, तुमचे पैसे वाचले.

जाळी मोजा, मग स्वप्नं बघा

मोठ्या आकाराच्या ग्रिलची जाळी साधारण १८ इंच व्यासाची असते. म्हणजे जवळपास १,६५० चौरस सेंटिमीटर जागा. तंगडीच्या एका तुकड्याला, आजूबाजूची मोकळी जागा धरून, १०० चौरस सेंटिमीटर धरा. एका वेळी १६ तुकडे. एका घाण्याला ३५-४० मिनिटं. म्हणजे तासाला २४-२५ तुकडे, दोन तुकड्यांची प्लेट धरली तर बारा प्लेट.

हा आकडा कागदावर लिहून काउंटरला चिकटवा. धंद्याची मर्यादा इथं आहे. रविवारी रात्री आठ ते दहा या दोन तासांत गिऱ्हाईक येतं, आणि तुमचं ग्रिल त्या वेळात चोवीस-पंचवीस प्लेट देतं. आता कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी पहिला प्रश्न हा विचारा: यानं हा आकडा वाढतो का?

चार प्रश्न, प्रत्येक वस्तूला

१. यानं तासाला जास्त प्लेट निघतात का, किंवा प्लेटला जास्त दर मिळतो का?
२. यानं माल वाया जायचा थांबतो का, किंवा माणूस भाजायचा, गिऱ्हाईक आजारी पडायचा धोका कमी होतो का?
३. हीच वस्तू किंवा हेच काम इथं गावात कमी पैशात होतं का?
४. उद्या मला कोळसा बंद करून गॅसवर जावं लागलं, तर ही वस्तू उपयोगी पडेल का?

पहिल्या दोनपैकी एकाला तरी ठाम 'हो' पाहिजे. नसेल तर ती वस्तू हौस आहे. हौसेला मोल नाही हे घरात ठीक, दुकानात हौसेलाही मोल असतंय.

चौथा प्रश्न काहींना विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडं जायला सहा महिने दिले. त्यानंतर महापालिकेनं कोळशाचा तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा पाठवल्या. तो आदेश मुंबईपुरता आहे. पण २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांची यादी आहे, आणि त्या यादीत कोल्हापूरचं नाव आहे. सांगली आणि सोलापूरचंही आहे. उद्या इथं काय होईल याचं भाकीत मी करत नाही. एवढंच म्हणतो की फक्त कोळशाच्या ग्रिललाच बसणाऱ्या वस्तूंमध्ये कर्जाचा पैसा अडकवू नका.

ज्या वस्तू घ्यायच्याच

मांसात खुपसायचा थर्मामीटर. माझ्या यादीत हा पहिल्या नंबरला. ग्रिलच्या झाकणावर जो गोल काटा असतो, तो वरच्या हवेचं तापमान दाखवतो. मांसाच्या आत काय चाललंय हे त्याला माहीत नसतं. कोंबडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. त्याच्या खाली प्लेट बाहेर जाता कामा नये. बोकडाच्या रानेचं गणित वेगळं आहे. ती खायला सुरक्षित लवकर होते, पण हाडावरून सुटेल इतकी मऊ व्हायची असेल तर आतलं तापमान ९० च्या आसपास जाऊन तिथं थोडा वेळ राहावं लागतं.

"आमच्या हाताला अंदाज आहे," हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. असेल, मान्य. गुऱ्हाळावरच्या गुळव्यालाही पाक कधी उतरवायचा हे नजरेनं कळतं. पण त्या नजरेमागं वीस-वीस हंगाम असतात. तुमच्या ग्रिलवर मागच्या महिन्यात कामाला लागलेलं पोरगं उभं आहे. त्याला वीस हंगाम द्यायला तुमच्याकडं वेळ नाही. थर्मामीटर पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात अंदाज देतो. शिवाय तो गॅसवर, ओव्हनवर, रस्सा गरम ठेवायच्या भांड्यात, सगळीकडं चालतो. चारही प्रश्नांना 'हो'. दोन घ्या, एक बिघडला तर दुसरा हाताशी. आणि महिन्यातून एकदा उकळत्या पाण्यात धरून तपासा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १०० दिसले नाहीत म्हणून थर्मामीटर फेकून देऊ नका.

दुसऱ्या मजल्याची जाळी. ग्रिलची जागा उभी वाढवणारी स्टँडवरची जाळी. १६ तुकड्यांच्या जागी एका घाण्यात २५-२६ तुकडे बसतात. घाई असते त्या दोन तासांत हीच वस्तू पैसे मिळवून देते. वरच्या आणि खालच्या मजल्याची आच वेगळी असते, म्हणून अर्ध्या वेळानं अदलाबदल करायची शिस्त लावा.

आच अडवणारी थाळी. इंग्रजी कॅटलॉगात तिला हीट डिफ्लेक्टर म्हणतात. कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये ती बसते, त्यामुळं मांसाला थेट जाळ लागत नाही आणि ग्रिलची भट्टी होते. मंद भाजणं हेच जर तुमच्या प्लेटच्या जादा दराचं कारण असेल, तर ही नसेल तर ग्रिल घेण्यात अर्थच नाही. शक्य असेल तर अर्ध्या चंद्राच्या आकाराचे दोन तुकडे घ्या. एका बाजूला एकच तुकडा ठेवला की अर्ध्या जाळीवर थेट आच आणि अर्ध्यावर मंद. एकाच वेळी पनीर टिक्का आणि अख्खी कोंबडी, दोन्ही निघतात. बऱ्याच ग्रिलसोबत ही थाळी येते. बिल करायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर तीच वस्तू दोनदा खरेदी होते.

दोन रंगांचे चिमटे आणि दोन जाळ्या. खर्च सगळ्यात कमी, फायदा सगळ्यात मोठा. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. हे आरोग्यासाठी. आणि शाकाहारी पदार्थांची जाळी, चिमटा, ब्रश पूर्ण वेगळा. हे विश्वासासाठी. आपल्याकडं आखाडात मटणाला रांगा लागतात आणि श्रावण लागला की तेच गिऱ्हाईक महिनाभर तोंड फिरवतं. नवरात्र आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. त्या दिवसांत ग्रिल झाकून ठेवलं तर कर्जाचा हप्ता काही उपवास धरत नाही. मक्याची कणसं, पनीर, मशरूम, रताळी, भरताची वांगी हे सगळं या ग्रिलवर उत्तम होतं. पण ज्या जाळीवर काल कोंबडी होती, तिच्यावर आज श्रावणातलं पनीर ठेवलंत हे गिऱ्हाइकानं एकदा बघितलं, की ते घर तुटलं. वेगळी जाळी भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी टांगून ठेवा. तिच्यावर हिरवी पट्टी लावा. ती जाहिरातच आहे.

चामड्याचे लांब हातमोजे आणि राख ओढायचं उलथणं. उद्यमनगरात वेल्डिंगवाले जे कोपरापर्यंतचे चामड्याचे मोजे वापरतात, ते या कामाला चालतात. ओलं फडकं वापरायची सवय मोडा. गरम जाळीला ओलं फडकं लागलं की वाफ होते आणि हात भाजतो. राख ओढायचं उलथणं लोहाराकडून करून घ्या. फक्त खालच्या झडपेच्या तोंडाचं माप नेऊन द्या.

आवरण. आपला पाऊस साधा नाही. सिरॅमिक वरून चकचकीत असलं तरी आतल्या बाजूनं ओल धरतं. ओल धरलेलं ग्रिल एकदम कडक पेटवलं तर तडा जाण्याची भीती असते. जाड ताडपत्रीचं आवरण इथं शिवून मिळतं. पावसाळ्यात ग्रिल बरेच दिवस बंद राहिलं तर आत बुरशी येते. तशा वेळी आधी हलक्या आचेवर सुकवा, मग रिकामंच कडक तापवून बुरशी जाळा, जाळी घासा आणि त्यानंतरच खाद्यपदार्थ ठेवा.

जे इथंच करून घेता येतं

आपण फाउंड्रीच्या गावात राहतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथून बिडाचे सुटे भाग देशभर जातात. आणि आपण मात्र बिडाचा तवा बाहेरून, डॉलरमध्ये किंमत लावलेला मागवतो. हे मला पटत नाही.

बिडाचा सपाट तवा आणि बिडाची झाकणाची कढई भांड्यांच्या दुकानात मिळते. तव्यावर मासे, खिमा, अंडी, सगळं जमतं. झाकणाच्या कढईत मटण मंद आचेवर, झाकण थोडं उघडं ठेवून शिजवलं तर त्याला कोळशाच्या धुराचा वास लागतो. आपलं बोकडाचं मटण उघड्या जाळीवर पटकन चिवट होतं, त्याला ही कढईच बरी. फक्त आमसूल-टोमॅटोचा आंबट रस्सा बिडात तास-तास ठेवू नका, लोखंडाची चव उतरते.

कोळसा पेटवायचं नळकांडं, ज्याला चिमणी स्टार्टर म्हणतात, तेही इथं होतं. काळ्या पत्र्याचं नळकांडं, खाली जाळी, बाजूला भोकं आणि लाकडी मूठ. खाली कागद पेटवला की पंधरा-वीस मिनिटांत कोळसा धरतो. रॉकेल किंवा पेटवायचं द्रव्य ओतू नका. सिरॅमिक तो वास धरून ठेवतं आणि पुढचे कित्येक घाणे रॉकेलचे लागतात.

करून घेताना तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा जाळी आगीजवळ वापरायची नाही, तापल्यावर त्यातून जस्ताचा विषारी धूर निघतो. रंग दिलेलं लोखंड नको. आणि झाकणाच्या कडेचं नमद्याचं पॅकिंग झिजलं म्हणून जुन्या बॉयलरची अॅस्बेस्टॉसची दोरी कोणी फुकट दिली तरी लावू नका. त्यासाठी काचतंतूचं किंवा कंपनीचं उष्णतारोधक पॅकिंगच घ्या. जाळीसाठी स्टेनलेस स्टील घेताना ३०४ ग्रेड मागा आणि बिलावर लिहून घ्या.

ज्या वस्तूंना मी नाही म्हणेन

फिरता दांडा, म्हणजे रोटिसरी. दिसायला लय भारी. गिऱ्हाईक थांबून व्हिडिओ काढतं हे खरं. पण आपण हिशोब करू. समजा तिची किंमत २५,००० रुपये पडली. तिच्यामुळं आठवड्याला सहा कोंबड्या जास्त विकल्या आणि कोंबडीमागं ८० रुपये सुटले, तर आठवड्याला ४८० रुपये. पैसे वसूल व्हायला ५२ आठवडे. त्यात श्रावण, नवरात्र आणि मुसळधार पावसाचे दिवस वजा केले की दीड वर्षाकडं जातं. याउलट दुसऱ्या मजल्याची जाळी समजा ४,००० रुपयांची. गर्दीच्या रात्री १० प्लेट जास्त, प्लेटमागं ५० रुपये, आठवड्यातल्या तीन रात्री. आठवड्याला १,५०० रुपये, तीन आठवड्यांत वसूल. आकडे माझे समजा-चे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण गणित घाला.

पिझ्झाचा दगड. पिझ्झा विकत असाल तर घ्या. नसाल तर "कधीतरी मेनूत घालू" म्हणून घेऊ नका. कुंभाराकडची मातीची खापरी आणि तिच्यावरची ज्वारीची भाकरी आपल्या मटणासोबत जास्त विकली जाते. भट्टीसारखा तळ पाहिजेच असेल तर नवीन, न वापरलेली फायरब्रिक फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांकडं मिळते. वापरलेली वीट कधीही घेऊ नका, तिला काय काय लागलेलं असतं सांगता येत नाही.

पंख्याचा आपोआप तापमान राखणारा कंट्रोलर. रात्रभर दहा-बारा तास मंद भाजणाऱ्याला तो उपयोगी आहे. संध्याकाळी चार तास चालणाऱ्या स्टॉलला नाही. शिवाय त्याला वीज लागते, आणि लाईट गेली की माणूस पुन्हा झडपेवरच येतो. मग झडप हातानं सांभाळायला पहिल्यापासून शिकवलेलं बरं. नियम एकच शिकवा: पाहिजे त्या तापमानाच्या वीस-तीस अंश आधीच झडपा आवळायला लागायचं. सिरॅमिक एकदा जास्त तापलं की लवकर उतरत नाही.

वीस-पंचवीस नगांचा 'कॉम्बो सेट'. एकाच किमतीत पेटी भरून सामान. त्यातल्या चार वस्तू रोज लागतात आणि उरलेल्या पेटीतच राहतात. त्या चार सुट्या घ्या, पण मजबूत घ्या. घरगुती वापरासाठी केलेला चिमटा रोज दोनशेदा दाबला की दोन महिन्यांत सैल होतो.

बिलातला जीएसटी खर्चातच धरा

हा मुद्दा खूप जणांच्या ध्यानात येत नाही. रेस्टॉरंटवाला ५ टक्के जीएसटी लावतो, तेव्हा त्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तरी मिळत नाही. आणि जीएसटी नोंदणीच नसेल तर प्रश्नच नाही. म्हणजे दुकानदार "जीएसटी तर परत मिळतोय की" म्हणाला, तरी तुमच्या बाबतीत बहुधा तो मिळणार नाही. वस्तूची किंमत अधिक कर अधिक वाहतूक, हा तुमचा खरा खर्च. वसुलीचा हिशोब या आकड्यावर करा. नक्की कोणत्या गटात आहात ते तुमच्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

कर्जाचंही तसंच. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ग्रिलचं कोटेशन देताना दुकानदार त्यात सामानाची पेटी घालून आकडा फुगवून देतो आणि आपण म्हणतो, कर्जातूनच जातंय, जाऊ दे. कर्जातून जात नाही मित्रांनो, ते तुमच्या पुढच्या तीन-चार वर्षांच्या गल्ल्यातून जातं. व्याजासकट. कोटेशनमध्ये ग्रिल आणि थाळी एवढंच ठेवा. बाकीच्या वस्तू पहिल्या दोन महिन्यांच्या विक्रीतून, गरज दिसेल तशा घ्या. ज्या वस्तूची गरज दोन महिन्यांत एकदाही जाणवली नाही, ती वस्तू तुमच्या धंद्याची नव्हतीच.

पैसे लागत नाहीत, पण जीव वाचतो

दोन सवयी तुमच्या माणसाला पहिल्याच दिवशी लावा.

पहिली: झाकण कधीही एकदम उघडायचं नाही. झडपा बंद असताना आत हवा कमी असते. झाकण झटक्यात उघडलं की हवा आत घुसते आणि जाळ बाहेर झेपावतो. आधी दोन इंच उघडायचं, तीन-चार सेकंद थांबायचं, मग पूर्ण उघडायचं. तोंड आणि हात बाजूला ठेवून.

दुसरी: पावसात ग्रिल बंद शेडमध्ये ओढायचं नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. चारी बाजूंनी प्लास्टिक बांधलेल्या शेडमध्ये तो साचतो आणि माणूस आधी सुस्तावतो, मग बेशुद्ध पडतो. डोकं जड वाटतंय असं पोरगं म्हणालं तर त्याला आधी उघड्यावर आणा, प्रश्न नंतर विचारा. वर छप्पर आणि किमान दोन बाजू पूर्ण उघड्या, हे जमत नसेल तर त्या दिवशी ग्रिल बंद ठेवा. एका रात्रीचा गल्ला बुडाला तरी चालेल.

आणि राख. वरून गार दिसली तरी आत निखारा असतो. लोखंडी झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवून मगच कचऱ्यात. प्लास्टिकच्या बादलीत भरून रात्री दुकान बंद करून गेलात, तर सकाळी दुकान असेलच असं नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

एक वही घ्या. डाव्या पानावर तुम्हाला घ्यावीशी वाटणारी प्रत्येक वस्तू, कर आणि वाहतुकीसकट किमतीनं लिहा. उजव्या पानावर त्या वस्तूनं आठवड्याला किती रुपये जास्त मिळतील किंवा वाचतील ते लिहा. डावा आकडा भागिले उजवा आकडा. उत्तर १२ आठवड्यांच्या आत असेल तर बिनधास्त घ्या. १२ ते ३० मध्ये असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. ३० च्या वर असेल तर ती वस्तू दुसऱ्याच्या रीलमध्येच बघा. सुरक्षेच्या वस्तूंना, म्हणजे थर्मामीटर, मोजे, वेगळे चिमटे, यांना हा हिशोब लावायचा नाही. त्या पहिल्या दिवशीच घ्यायच्या.

कोल्हापूरच्या माणसाला खायला घालणं सोपं नाही. त्याला चव कळते, आणि नाही आवडलं तर तो तोंडावर सांगतो. त्याला तुमच्या ग्रिलचा दांडा फिरतो की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. तुकडा आतपर्यंत शिजलाय का, मऊ आहे का, वेळेवर आला का, आणि पुढच्या रविवारी तसाच मिळेल का, एवढंच तो बघतो. तुमचा पैसा या चार गोष्टींमागं लावा.

वहीतलं गणित करून बघा आणि तुमच्या यादीतली कोणती वस्तू खोडली गेली ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत ग्रिलच्या प्लेटचा दर कसा ठरवायचा ते घेऊ.

तुमच्या धंद्याला मनापासून शुभेच्छा!